माल्टाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचा एक दिवस: समुद्रगुहेपासून इम्दिनाच्या तटापर्यंत

भूमध्य समुद्रातील माल्टा हे बेट नकाशावर इतके लहान दिसते, की एका दिवसात सगळे पाहून होईल असे पहिल्यांदा जाणाऱ्याला सहज वाटते. बेटाची लांबी सुमारे २७ किलोमीटर आणि रुंदी साडेचौदा किलोमीटर आहे. तेवढ्याशा जागेत पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची पाषाणमंदिरे, रोमन काळातील भुयारी दफनभूमी, अरबांनी आखून दिलेले नगर, सेंट जॉनच्या ख्रिस्ती लढवय्या संघातील नाइटांचे बुरुज आणि ब्रिटिश आरमाराच्या गोद्या दाटीवाटीने बसल्या आहेत. सकाळी राजधानी व्हॅलेटा, दुपारी मंदिरे आणि संध्याकाळी शेजारचे गोझो बेट असा बेत आखणाऱ्यांचा अर्धा दिवस रस्त्यातच जातो, कारण अंतरे लहान असली तरी रस्ते अरुंद आहेत आणि वाहने फार आहेत. म्हणून या लेखात बेटाचा एकच भाग घेतला आहे. नैर्ऋत्य किनाऱ्यावर सकाळी समुद्राच्या पातळीपासून सुरुवात करावी, चढत चढत दुपारी डिंगलीच्या कड्यावर यावे आणि दिवेलागणीला इम्दिना या जुन्या नगराच्या तटबंदीवर पोहोचावे, असा हा मार्ग आहे.

हाच क्रम का

हा क्रम बसच्या सोयीने आखलेला आहेच, पण त्याचे खरे कारण बेटाचा दगड हे आहे. माल्टा जवळजवळ सगळे चुनखडकाचे आहे आणि तो खडक थरांनी रचलेला आहे. सर्वांत खाली प्रवाळी चुनखडकाचा कठीण, करडा थर आहे. त्यावर ग्लोबिजेरिना नावाचा मऊ, मधासारख्या रंगाचा चुनखडक आहे. सूक्ष्म समुद्री जीवांच्या कवचांपासून तो बनला आणि त्याच जीवांवरून त्याला नाव मिळाले. त्यावर निळसर चिकणमातीचा थर, मग हिरवट वाळूचा पातळ पट्टा आणि सर्वांत वर पुन्हा प्रवाळी चुनखडक येतो. मऊ दगड सहज कापता येतो, म्हणून बेटावरची घरे, चर्च आणि तटबंदी बहुतेक त्याचीच आहेत. कठीण दगडाचे कडे समुद्रात सरळ उतरतात आणि लाटांनी त्यांत गुहा कोरल्या आहेत. चिकणमातीतून पाणी खाली झिरपत नाही, त्यामुळे वरच्या खडकात मुरलेले पावसाचे पाणी तिच्यावर अडून राहते आणि कडेने झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. ज्या बेटावर एकही बारमाही नदी नाही, तेथे या झऱ्यांचे मोल मोठे होते. इम्दिना आणि राबात ही जुनी वस्ती उंच पठाराच्या टोकाशी का वसली, याचे उत्तर बऱ्याच अंशी याच पाण्यात आहे. खालून वर जाताना आपण हे थर एकेक करून पाहत जातो आणि प्रत्येक ठिकाणी माणसाने हाती असलेल्या दगडाचे काय केले, हे आपोआप उमगते.

निघण्यापूर्वी

भारतीय पारपत्रावर माल्टाला जाण्यासाठी शेंगेन व्हिसा लागतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना लंडनहून माल्टा विमानाने साधारण तीन तासांवर असल्यामुळे तो जवळचाच वाटतो, मात्र पारपत्र भारतीय असेल तर ब्रिटनचा व्हिसा येथे चालत नाही, हे तिकीट काढण्याआधी लक्षात घ्यावे. जर्मनीसारख्या शेंगेन देशाचा निवास परवाना असणाऱ्यांना वेगळा व्हिसा लागत नाही. चलन युरो आहे, वाहने आपल्यासारखी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि इंग्रजी ही येथील राजभाषांपैकी एक आहे. विजेची खोबणी मात्र ब्रिटिश पद्धतीची, चौकोनी तीन पिनांची आहे. युरोपातील इतर देशांत चालणारा जोड येथे उपयोगाचा नाही.

ऋतूची निवड हा या दिवसाचा सर्वांत मोठा निर्णय आहे. मार्च ते मे या काळात हवा सुखद असते आणि किनाऱ्यालगतचे माळ फुलांनी भरलेले असतात. जुलै आणि ऑगस्टमध्ये पारा ३० अंशांच्या वर राहतो, वाटेवर सावली जवळजवळ नसते आणि फिकट दगडावरून परतणारे ऊन डोळ्यांना फार त्रास देते. त्या महिन्यांत जाणे भागच असेल, तर पुढे सांगितलेल्या सगळ्या वेळा शक्य तेवढ्या अलीकडे ओढाव्यात. टोपी, गडद चष्मा, चांगली पकड असलेले बूट आणि माणशी किमान दोन लिटर पाणी सोबत घ्यावे. नळाच्या पाण्याचा मोठा भाग समुद्राचे पाणी गोडे करून मिळवलेला असतो. ते पिण्यास सुरक्षित आहे, पण चव न रुचल्यामुळे बहुतेक प्रवासी बाटलीचे पाणी घेतात.

वाऱ्याची चौकशी आदल्या रात्रीच करावी. वायव्येकडून येणाऱ्या वाऱ्याला येथे माज्जिस्त्राल म्हणतात, ईशान्येच्या वाऱ्याला ग्रिगाल आणि आग्नेयेच्या वाऱ्याला श्लोक्क. शेवटचा वारा सहाराच्या बाजूची उष्ण आणि दमट हवा घेऊन येतो. दक्षिणेकडून लाटा येत असतील, तर समुद्रगुहेच्या होड्या बंद राहतात आणि सकाळचा बेत बदलावा लागतो.

पाट्या वाचण्याची थोडी तयारीही उपयोगी पडते. माल्टी भाषा लॅटिन लिपीत लिहिली जाते, पण तिचे मूळ सिसिलीतील अरबीत आहे. युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांपैकी सेमिटिक कुळातली ही एकटीच. तिच्यात ‘जे’ या अक्षराचा उच्चार ‘य’, ‘एक्स’चा ‘श’ आणि ‘क्यू’चा उच्चार घशात क्षणभर अडकून सुटल्यासारखा होतो, म्हणूनच पाटीवर ज्या पाषाणमंदिराचे नाव ‘हाजर क्विम’ वाचावेसे वाटते ते स्थानिकांच्या तोंडी ‘हाजर ईम’ असते. मराठी माणसाला येथे एक सुखद धक्का बसतो. वर्षाला माल्टीत ‘सेना’ म्हणतात आणि जगाला ‘दिन्या’. आपले ‘सन’ आणि ‘दुनिया’ हे शब्द फारसीच्या वाटेने त्याच अरबी घरातून आपल्याकडे आले आहेत.

सकाळ: झुर्रिएची खाडी आणि निळी गुहा

व्हॅलेटाच्या नगरद्वाराबाहेर मोठे बसस्थानक आहे. तेथून ७४ क्रमांकाची बस या किनाऱ्याला येते. विमानतळाच्या बाजूला मुक्काम असेल तर २०१ क्रमांकाची बस अधिक सोयीची, कारण ती झुर्रिए, हाजर ईम आणि डिंगली अशी थेट राबातपर्यंत जाते. आजचा जवळजवळ संपूर्ण मार्ग तिच्यावरच आहे. मात्र ती साधारण तासाला एकच असते, त्यामुळे एक चुकली तर पुढचे सगळे गणित बिघडते. त्या दिवसाचे वेळापत्रक फोनमध्ये उतरवून घ्यावे, थांब्यावर पाच-दहा मिनिटे आधी उभे राहावे आणि बस दिसताच हात करावा. हात केला नाही तर चालक थांबेलच असे नाही.

प्रथम मुख्य रस्त्यालगतच्या सज्जावर उतरावे. कड्यातून समुद्रात पाय रोवून उभी असलेली दगडी कमान येथून वरून दिसते आणि छायाचित्रासाठी हीच जागा उत्तम आहे. मग उताराच्या रस्त्याने विएद इझ-झुर्रिए या लहानशा धक्क्यावर यावे. ‘विएद’ म्हणजे दरी. कोरड्या दरीचे तोंड समुद्रात बुडाल्यामुळे ही चिंचोळी खाडी तयार झाली आहे. येथून छोट्या होड्या सुटतात आणि साधारण वीस-पंचवीस मिनिटांत गुहांची फेरी करून परत येतात.

होडी सकाळीच घ्यावी, हे आवर्जून सांगतो. गुहेतील पाण्याचा निळा रंग सूर्याच्या कोनावर अवलंबून असतो. पाण्यात शिरलेल्या प्रकाशातील तांबडा भाग पाणी शोषून घेते, उरलेला निळा भाग तळाच्या पांढऱ्या वाळूवरून उलटून वर येतो आणि गुहेचे छत खालून उजळते. दुपारनंतर ऊन सरकले की हाच रंग मंदावतो. भिंतींवर पाण्याच्या रेषेलगत नारिंगी आणि जांभळट पट्टे दिसतात, तेही पाहावेत. होड्या बंद असतील तर हळहळत धक्क्यावर थांबू नये. वरच्या सज्जावरून दिसणारे दृश्यही पुरेसे समाधान देणारे आहे आणि वाचलेला तासभर मंदिरांना देता येतो.

या कड्यांच्या कपारींत विद्‌नेत इल-बाहार नावाची वनस्पती उगवते. नावाचा अर्थ ‘समुद्राचा कान’. ही माल्टाची राष्ट्रीय वनस्पती असून तिची जाड, मांसल पाने आणि जांभळट फुले दिसली तर लांबूनच पाहावीत.

हाजर ईम आणि म्नायद्रा

धक्क्यापासून हाजर ईमपर्यंत रस्त्याने चढ चढत अर्ध्या तासात पोहोचता येते. पाय साथ देत असतील तर चालतच जावे, कारण या चढावरच करडा खडक संपून मधाळ रंगाचा दगड सुरू होतो. दोन्ही मंदिरांचे तिकीट एकत्र मिळते. उघडण्या-मिटण्याच्या वेळा ऋतूनुसार बदलतात, तेव्हा आपल्या तारखेची वेळ आधी पाहून ठेवावी. येथे किमान अडीच तास द्यावेत. दिवसातील सर्वांत मोठा वाटा याच जागेचा आहे, आणि घाईत पाहिले तर हाती केवळ ‘मोठे दगड पाहिले’ एवढीच आठवण उरते.

आधी प्रवेशाजवळचे लहान संग्रहालय आणि तेथील चित्रफीत पाहावी. माल्टातील ही महापाषाणी मंदिरे इसवी सनपूर्व ३६०० ते २५०० या काळातील आहेत. हाजर ईमची उभारणी या काळाच्या पूर्वार्धातली, म्हणजे गिझाच्या महापिरॅमिडच्या कित्येक शतके आधीची. बांधणाऱ्यांकडे धातूची हत्यारे नव्हती. बेटावर न मिळणारी ज्वालामुखीची काळी काच ते समुद्रापलीकडून आणत असत. गोझोवरील ज्गान्तिया मंदिराला युनेस्कोने १९८० मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि १९९२ मध्ये हाजर ईम व म्नायद्रासह इतर मंदिरांचा त्यात समावेश झाला.

हाजर ईमच्या दर्शनी भागासमोर प्रथम थोडे लांब उभे राहावे. दोन उभ्या शिळांवर एक आडवी शिळा असे द्वार, पायाशी बाकासारखी दगडांची रांग आणि दोन्ही बाजूंना उंच कोनशिळा, ही रचना एकदा डोळ्यांत बसली की पुढे ती ओळखीची होते. मग डावीकडून बाहेरून पूर्ण फेरी मारावी. अनेक जण थेट आत शिरतात आणि येथील सर्वांत प्रचंड शिळा पाहायच्या राहून जातात. बाह्य भिंतीतील एका शिळेचे वजन २० टनांहून अधिक आहे. आत गेल्यावर एकाच अखंड शिळेत कापलेली दारे, बारीक टोचे मारून सजवलेले पृष्ठभाग आणि अर्धवर्तुळाकार दालने दिसतात. एका दालनाच्या भिंतीत लंबगोल भोक आहे. उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवशी उगवत्या सूर्याचे किरण त्यातून आत येतात. येथे सापडलेल्या स्थूल देहाच्या मूर्ती मात्र व्हॅलेटातील राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात ठेवल्या आहेत; मुक्कामात आणखी एक दिवस असेल तर त्या पाहिल्याशिवाय परतू नये.

शिळांवर हात फिरवण्याचा मोह होतो, तो टाळावा. ग्लोबिजेरिना दगड खारे वारे आणि पावसाने पापुद्र्यांसारखा सुटतो. वेरूळ किंवा कार्ल्याच्या काळ्या पाषाणाची सवय असलेल्या डोळ्यांना येथे दगडही म्हातारा होतो हे प्रथमच इतके स्पष्ट दिसते. म्हणूनच २००९ मध्ये दोन्ही मंदिरांवर पांढऱ्या कापडी छत्र्या उभारल्या गेल्या. त्यांनी छायाचित्रे बिघडतात अशी तक्रार वारंवार ऐकू येते. माझ्या मते छायाचित्रांपेक्षा हे दगड आणखी काही शतके टिकणे अधिक मोलाचे आहे. शिवाय भर उन्हात त्याच छत्रीखाली निवांत उभे राहून पाहता येते.

हाजर ईमपासून सुमारे ५०० मीटर फरसबंदी वाटेने समुद्राच्या दिशेने उतरले की म्नायद्रा येते. खोलगट भागात, समुद्राकडे तोंड करून तीन मंदिरे शेजारी शेजारी उभी आहेत. बाहेरच्या भिंतीसाठी कठीण प्रवाळी दगड आणि आतल्या कोरीव कामासाठी मऊ दगड, अशी विभागणी येथे दिसते, आणि त्यामुळेच ही वास्तू अधिक चांगली टिकली. पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या गवंड्यांना दोन्ही दगडांचे गुणदोष पुरते ठाऊक होते, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही. दक्षिणेकडील मंदिराचे दार पूर्वेला आहे. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान असताना उगवत्या सूर्याचा प्रकाश दारातून सरळ आत जाऊन मधल्या अक्षावर पडतो. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवशी तो दाराच्या दोन्ही बाजूंच्या शिळांच्या कडांना स्पर्श करतो. त्या दिवसांच्या पहाटे मोजक्या लोकांसाठी प्रवेश ठेवला जातो, पण त्यासाठी बरेच आधी नाव नोंदवावे लागते. मधल्या मंदिरातील एका शिळेवर मंदिराच्याच दर्शनी भागाचे छोटे रेखाटन कोरलेले आहे. ते शोधून पाहावे.

म्नायद्रासमोर समुद्रात फिल्फला नावाचे सपाट माथ्याचे बेटुक दिसते. मिरी या अर्थाच्या अरबी शब्दावरून हे नाव पडले असे मानतात. ब्रिटिशांनी १९७१ पर्यंत ते तोफांच्या सरावासाठी लक्ष्य म्हणून वापरले. आता ते समुद्रपक्ष्यांसाठी राखीव आहे. जवळच हामरिया बुरूज आहे. मार्टिन दे रेदीन हे नाइटांचे महागुरू, म्हणजे संघप्रमुख, असताना १६५८-५९ मध्ये किनाऱ्यावर तेरा टेहळणी बुरूज बांधले गेले, त्यांपैकी हा एक. एका बुरुजावरून पुढचा दिसावा आणि धुराने किंवा जाळाने इशारा देता यावा, अशी त्यांची आखणी होती.

दुपार: डिंगलीचे कडे

जेवणासाठी सोबत शिदोरी असणे उत्तम. स्थानिक पद्धतीचा होब्झ बिझ-झेइत, म्हणजे टोमॅटो चोळलेला, ऑलिव्हचे तेल आणि केपरच्या कळ्या घातलेला पाव, सकाळीच बांधून घ्यावा. त्यात बहुधा ट्यूना मासा असतो, म्हणून शाकाहारी मंडळींनी तो वगळण्यास आधीच सांगावे.

हाजर ईमहून २०१ क्रमांकाची बस डिंगलीच्या कड्यावर आणते. सेंट मेरी मॅग्डालीनच्या छोट्या चॅपेलजवळ उतरावे. विमान वाहतुकीच्या रडारचा पांढरा गोल दुरून दिसतो, तीच खूण. आजचे चॅपेल १६४६ मध्ये पुन्हा बांधलेले आहे. बेटाचा सर्वोच्च बिंदू याच कड्यांवर, २५३ मीटर उंचीवर आहे. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहिलेल्या माणसाला ही उंची फार वाटणार नाही, पण येथे कड्याच्या पायथ्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांपलीकडे थेट समुद्र आहे आणि दक्षिणेला आफ्रिकेपर्यंत फिल्फलाखेरीज काही नाही. बहुतेक ठिकाणी कठडा नाही. कड ठिसूळ असते, तेव्हा छायाचित्रासाठी मागे सरकण्याचा प्रकार कोणीही करू नये आणि मुलांचा हात सोडू नये.

येथे पाऊण तास पुरतो. चालण्याची हौस असेल तर चॅपेलपासून बुस्केट्टच्या झाडीच्या दिशेने जावे. वाटेत खडकात खोल गेलेल्या जोडचाकोऱ्यांचे जाळे लागते. त्या कशाने आणि कधी पडल्या यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. तेथून पायी राबात गाठता येते, पण मग पुढची भुयारे वेळेत मिळणार नाहीत, म्हणून एकाच दिवसाच्या बेतात मी बसच सुचवेन.

राबात आणि इम्दिना

राबातमध्ये पोहोचताच सेंट पॉलची भुयारे पाहून घ्यावीत, कारण ती संध्याकाळ होण्याआधी बंद होतात आणि इम्दिनाच्या गल्ल्या मात्र रात्रीही खुल्या असतात. रोमन कायद्यानुसार दफन नगराच्या तटाबाहेर करावे लागे, म्हणून ही दफनभूमी येथे आहे. पायऱ्या उतरून गेल्यावर खडकात कोरलेल्या गोल मेजांकडे लक्ष द्यावे. मृताच्या स्मरणार्थ आप्तजन त्याभोवती जेवण घेत असत. मेज, त्याभोवतीची उतरती बैठक आणि बाजूच्या कबरी हे सगळे एकाच खडकातून, काहीही न जोडता कोरलेले आहे. वाटा अरुंद आणि छत ठेंगणे असल्याने गुडघेदुखी किंवा बंद जागेची भीती असणाऱ्यांनी पहिलाच भाग पाहून परतावे.

बाहेर आल्यावर गरम पास्तित्सी खावी. पापुद्र्यांच्या या पुड्यांत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचे सारण असते. पापुद्र्यांसाठी काही ठिकाणी प्राण्यांची चरबी वापरतात, तेव्हा शाकाहारींनी विचारूनच घ्यावी.

मग खंदकावरचा पूल ओलांडून इम्दिनात शिरावे. आजचा दरवाजा १७२४ मध्ये महागुरू मानोएल दे व्हिल्हेना यांच्या काळात, मोंदियोँ या फ्रेंच वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार बांधला गेला. रोमन काळात मेलिते हे नगर येथेच होते आणि त्याचा विस्तार आजच्या राबातपर्यंत होता. अरबांनी तट आत घेऊन, मध्ये खंदक खणून नगर आटोपशीर केले. ‘इम्दिना’ म्हणजे शहर आणि ‘राबात’ म्हणजे उपनगर, ही नावे तेव्हाची. नाइट १५३० मध्ये आले आणि आरमारासाठी बंदराकाठी राहिले, तेव्हापासून या जुन्या राजधानीचे महत्त्व ओसरले. ११ जानेवारी १६९३ च्या भूकंपात येथील कॅथेड्रलची मोठी हानी झाली. लोरेन्झो गाफा याने उभारलेले आजचे कॅथेड्रल त्यानंतरचे आहे. त्याच्या दर्शनी भागावरील दोन घड्याळांपैकी एक वेळ दाखवते आणि दुसरे तारीख.

गल्ल्या मुद्दाम वळणाच्या आहेत, त्यामुळे नकाशा खिशात ठेवून फिरावे. तीन-चार वळणांत पुन्हा तटाशी येतोच. सूर्यास्ताच्या थोडे आधी उत्तरेकडील तटाच्या चौकात पोहोचावे. येथून मोस्ता येथील चर्चचा घुमट ओळखता येतो. ९ एप्रिल १९४२ रोजी तो भेदून आत पडलेला बॉम्ब फुटला नाही आणि जमलेले भाविक वाचले. पलीकडे व्हॅलेटाची आकाशरेषा आणि तिच्यामागे समुद्र दिसतो. कित्येकांना सूर्यास्त डिंगलीवरून पाहायचा असतो. तेथे मावळतीनंतर बसची वाट अंधारात पाहावी लागते, म्हणून स्वतःचे वाहन नसेल तर इम्दिनाच निवडावी.

परतीसाठी राबातच्या थांब्यावरून ५१, ५२ आणि ५३ या क्रमांकांच्या बस व्हॅलेटाकडे जातात आणि २०२ स्लीमाच्या बाजूला जाते. दिवे लागल्यावर तट सोडण्याची घाई करू नये. दिवसभराच्या पर्यटकांची गर्दी तोवर ओसरलेली असते आणि सकाळी हाजर ईमवर पाहिलेला तोच मधाळ दगड दिव्यांच्या उजेडात गल्लीगल्लीतून पुन्हा दिसतो.